वहिनीची पहिली चाचणी

आमच्या घरात एकट्याने काही करायची पद्धतच नाही. दादाला चष्मा घ्यायचा होता, तर दुकानात आम्ही सगळे गेलो आणि फ्रेम पसंत केली ती आम्हीच. दादाला ती अजून आवडत नाही. त्यामुळे वहिनीला नर्सिंगच्या पदवीला प्रवेश मिळाला तेव्हा तो घरातल्या सगळ्यांनाच मिळाल्यासारखं आम्ही वागायला लागलो.

वहिनी हॉस्पिटलात मदतनीस. चादरी बदलायच्या, पेशंटना कुशीवर वळवायचं, रात्री-अपरात्री भांडं द्यायचं. औषधाच्या ट्रेला मात्र हात लावायचा नाही. तो लावता यावा म्हणून ही बाई चाळिशी उलटल्यावर विद्यापीठात पोरासोरांच्या शेजारी जाऊन बसली. मला तिचा फार अभिमान वाटत होता. बोलून दाखवला नाही, कारण कौतुक केलं की ती लाजते आणि मलाच कांदा चिरायला बसवते.

दुसऱ्याच आठवड्यात औषधांच्या मात्रांच्या हिशेबावर चाचणी आली. घरी बसून मोबाइलवर सोडवायची. वर स्वच्छ लिहिलं होतं, याचे गुण धरणार नाही, एकट्याने सोडवा, येत नाही ते कोरं ठेवा.

"असं लिहावंच लागतं त्यांना," दादा म्हणाला. दादा इलेक्ट्रिशियन आहे. 'हात लावू नका' ही पाटी आपल्यासाठी नसते, अशी त्याची समजूत आहे.

झालं, टेबलाभोवती सगळे जमलो. मी प्रश्न वाचायचा, दादाने हिशेब करायचा आणि भाचीने मोबाइलवर बोट मारायचं. वहिनी पेन उघडेपर्यंत उत्तर तयार.

"अहो, पण हे कसं आलं?" तिने एकदा विचारलं.

"सोपं आहे गं, तिरकस गुणाकार!" दादा म्हणाला. तिरकस गुणाकार म्हणजे काय, हे विचारेपर्यंत आम्ही तीन प्रश्न पुढे गेलो होतो. शेवटी वीसपैकी वीस पडले आणि बापलेकीने एकमेकांना टाळ्या दिल्या.

दोन दिवसांनी वर्गाच्या मॅडमचा निरोप आला. ज्यांना दहापेक्षा कमी पडले, त्यांच्यासाठी शनिवारी वेगळा वर्ग, अगदी अपूर्णांकांपासून. वहिनीचं नाव त्यात नव्हतं. तिचं अभिनंदन होतं आणि तिला एका गटाची प्रमुख केलं होतं.

वहिनीने तो निरोप परत एकदा वाचला. "मला त्या शनिवारच्या वर्गात जायचं होतं."

"अगं, तो कच्च्यांचा वर्ग आहे," दादा म्हणाला.

"मग मी कोण आहे?" ती म्हणाली. "उद्या कुणाच्या लेकराला औषध देताना तुम्ही तिघं माझ्या मागे उभे राहणार आहात का?"

दादाने तो न आवडणारा चष्मा काढून पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमना भेटायला निघाली. सोबत अर्थातच मी. मॅडम वयाने तिच्याहून लहान, समोर कागदांचा ढीग. वहिनीने उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "मॅडम, ती उत्तरं माझी नाहीत. माझ्या घरच्यांची आहेत."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी कॅलेंडर वाचायला लागले.

"परत सोडवाल? आत्ता, इथेच?"

"सोडवते. पण आधी हिला बाहेर बसवा," वहिनी म्हणाली.

मी बाहेरच्या बाकावर बसले. दाराच्या काचेतून ती दिसत होती. बराच वेळ एकाच प्रश्नावर अडायची, मग तो तसाच सोडून पुढे जायची. काहीतरी लिहायची, खोडायची. एवढ्या वर्षांत तिला काही येत नाहीये आणि कुणी सांगतही नाहीये, असं मी कधी पाहिलंच नव्हतं. आत जाऊन उत्तर सांगावंसं वाटलं, म्हणजे मला ते येत होतं अशातला भाग नाही.

घरी दारातच दादाने विचारलं, "किती?"

"पाच. शनिवारपासून वर्ग."

"वीसपैकी पाच?" भाचीचा चेहरा पडला.

"पाच," वहिनी म्हणाली, "पण सगळे माझे."

मग टेबलापाशी बसून तिने एक कागद ओढला आणि त्या पाचातला एक प्रश्न आम्हाला मांडून दाखवायला लागली. पाच मिलिलिटर औषधात एवढं, पेशंटला हवं एवढं, मग बाटलीतून किती काढायचं. गुणाकार नाही, काही नाही, कागदावर एकेक चमचा काढून ती मोजत होती. दादाने उत्तर सांगायला तोंड उघडलं. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. तिला वेळ लागला, मध्ये एकदा चुकली, परत पहिल्यापासून मोजलं, आणि तिचं उत्तर येईपर्यंत आमच्यापैकी कुणीही काही बोललं नाही.