तो चहा वहिनीने दिला नव्हता

काल अकोल्यात दादाच्या तेरवीच्या पंगतीत काकू म्हणाली, "बायकोनंच चहा पाजला अन् घात केला."
म्हणून हे लिहिते आहे.

चहा मी पाजला.

वहिनी तेव्हा अंघोळीला गेली होती. काल ती पंगतीत वाढत होती. तिने काकूचं बोलणं ऐकलं आणि पुढच्या पानावर भाजी वाढली.

स्ट्रोकने दादाचं गिळणं गेलं. नाकातून नळी. मी राजापेठेतलं घर बंद करून अमरावतीहून त्याच्याकडे, अकोल्याच्या जुन्या शहरात, राहायला आले.

स्पीच थेरपिस्ट घरी यायची. पंचविशीतली मुलगी. बोलणं आणि गिळणं दोन्ही तीच तपासायची. चमच्याने थोडं पाणी, बोटं गळ्यावर, मग "काका, आ म्हणा." आवाज ओला, घरघरता आला की नापास.

तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "खोकल्यात जोर आला आहे, लक्षण चांगलं आहे. सोमवारी पुन्हा तपासू, मग नळीचं ठरवू."

मला वेगळं बजावलं. "मॅडम, तोवर तोंडाने काही नाही. काहींना ठसका लागतच नाही. गुपचूप फुप्फुसात जातं."

शनिवारी सकाळी दादा अडखळत म्हणाला, "मास्तरीणबाई, घोटभर चहा द्या. नाकानं जेवून कटाळलो."
"सोमवारपर्यंत थांब."
"जिंदगीभर पोरायच्या परीक्षा घेतल्या, अन् आता एका पोरीले भिऊन राहिली काय तू?"

मग परीक्षा मीच घेतली.

चमचाभर चहा. बोटं गळ्यावर. "आ म्हण."
"आ."
स्वच्छ.

तीनदा घेतली. ठसका नाही.
मी त्याला पास केलं आणि अर्धा कप पाजला.
"साखर कमी हाय," तो म्हणाला.

वहिनी आली तेव्हा कप माझ्या हातात होता. तिने कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदराने दादाचं तोंड पुसलं.

रविवारी ताप.
सोमवारी तपासणीऐवजी आयसीयू. न्यूमोनिया.
शुक्रवारी दादा गेला.

चहा पाजल्याचं वहिनीने दवाखान्यात सांगितलं; कोणी पाजला, ते नाही. डॉक्टर म्हणाले, "चहानेच झालं असं सांगता येणार नाही. नळी असली तरी लाळ आत जाऊ शकते."
ते त्यांना सांगता येणार नाही. कप कोणाच्या हातात होता, हे मला सांगता येतं.

तेरा दिवस वहिनी गप्प राहिली, माझ्यासाठी.
मीही गप्प राहिले, माझ्याचसाठी.

दादा, सोमवारपर्यंत थांबायला हवं होतं. तू नव्हे, मी. नीट जा.

आज सकाळी वहिनीच्या स्वाधीन केलं ते असं: दवाखान्याची फाईल. दोन एक्स-रे. दादाचा चष्मा. आणि वरचं सगळं एका कागदावर, माझ्या अक्षरात, सहीसकट.

वहिनीने कागद वाचला. "ताई, कायले लिवलं हे?"
मग उठली. काकू अजून मुक्कामाला आहे. वहिनीने कागद तिच्या हातात दिला.

"मोठ्यानं वाचा, काकू."