गाडेबाई, ससे आणि लसूणघास

पहिल्याच दिवशी मी सशाला उचलायला गेले, तर गाडेबाईंनी माझा हात धरला. "थंड आहेत हात. आधी चोळ, मग उचल." राहुरीला शिकायला आल्यावर माझ्या मार्गदर्शक बाईंची आणि माझी ओळख झाली ती अशी. यंदा बाई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत.

इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा सशाच्या मादीच्या गर्भाशयावर काय परिणाम होतो, या अभ्यासात बाईंनी उमेदीची सारी वर्षे घातली. माझा प्रबंधही त्यावरच होता. अंडाशय काढले की गर्भाशय सुकून बारीक होते आणि इस्ट्रोजेन टोचले की पुन्हा भरते. अंडाशय काढलेल्या निम्म्या माद्यांना आम्ही इस्ट्रोजेन टोचले, निम्म्यांना तुलनेसाठी नुसते तेल. शेवटी तपासले, तर तेलवाल्यांतल्या दोघींची गर्भाशये चांगलीच भरलेली. प्रबंध लांबवायला मला वेळ नव्हता. उन्हाळ्यात पदवी आणि लगेच लग्न, असे वडिलांनी पाथर्डीहून निक्षून सांगितले होते.

"या दोघी वगळू या का?" मी विचारले. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पिंजरे सांभाळणाऱ्या शंकरमामांना बोलावले. त्या दोघींना खायला काय घालता, असे विचारले.

"त्या दोघी लई वाळल्या हुत्या. घरून लसूणघासाची पेंडी आनायचो रोज. मुकं जनावर हाय, बाई."

लसूणघास या हिरव्या चाऱ्यात इस्ट्रोजेनसारखे द्रव्य असते, हे मामांना ठाऊक असायचे कारण नव्हते. मला ठाऊक होते. पिंजऱ्यातल्या हिरव्या काड्या पाहूनही मी काही विचारले नव्हते, याची लाज अजून वाटते.

प्रयोग पुन्हा करायचा ठरला. बाई स्वतः एसटीने पाथर्डीला आल्या. ओट्यावर बसून वडिलांना म्हणाल्या, "देखरेख माझी होती, चूक माझी आहे. मुलीला सहा महिने द्या."

"सहा म्हैनं लई झालं, बाई. पावनं थांबत्याल का?"

"नाही थांबले, तर मुलगी देण्याजोगे नव्हते म्हणायचे."

मग आईकडे भाकरी मागून त्या जेवल्या आणि मुदत घेऊनच उठल्या. मामांना त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत. नव्या प्रयोगातही पिंजरे मामांकडेच होते. पाहुणेही थांबले, हा लेख तेच टाईप करून देत आहेत.

गेल्या महिन्यात बाईंकडे गेले, तर अंगणात एक पांढरा ससा आणि बाईंच्या मांडीवर लसूणघासाची पेंडी. मला हसू आले.

"खाऊ दे गं," बाई म्हणाल्या. "याचं काही मोजायचं नाहीये."

बाईंचे गुडघे कुरकुर न करोत, चष्म्याचा नंबर आहे तिथेच राहो. आणि शंभरीतही कुणा घाबरलेल्या मुलीचे थंड हात धरून बाईंनी म्हणावे, आधी चोळ.