दोरीआत्याने केलेली मोहरकी

तिचं खरं नाव कुणाला आठवत नव्हतं. गळ्यात कायम एक सुती दोरी, तिला गाठी मारलेल्या, म्हणून ती सगळ्यांची दोरीआत्या. घोड्याचं डोकं मोजायचं तर ती त्या दोरीनेच. कानामागून गालापर्यंत एक गाठ, नाकाभोवती दुसरी. कागद नाही, पेन्सिल नाही. गल्लीतल्या झाडून सगळ्या घोड्यांची तोंडं त्या गाठींत होती म्हणा ना.

काम नवऱ्याचं. तो लगाम, पट्टे, मोहरक्या शिवायचा आणि ही शेजारी बसून दोऱ्याला मेण लावायची. मेण लावता लावता हात बसला. तो गेला तेव्हा लोक म्हणाले, आता दुकान बंद. दोरीआत्याने तेराव्या दिवशी चामडं कापायची रापी परजली, भोकं पाडायची आरी हातात घेतली आणि दार उघडलं. एकच खोली. भिंतीला खिळे, खिळ्यांना पट्टे, आणि सगळीकडे तेल पाजलेल्या चामड्याचा वास. तो वास ज्याने घेतला, तो म्हातारा झाला तरी विसरत नाही.

तिचा धाकटा भाऊ पलीकडच्या तबेल्यात मोतद्दार होता. सहा फुटी माणूस, पण काळीज लोण्याचं. तिथली एक घोडी चार महिन्यांचं शिंगरू मागे ठेवून मेली. याने त्या शिंगराला बाटलीने दूध पाजलं, थंडीत स्वतःचं कांबळं घातलं. शिंगरू मादी, म्हणून सगळे तिला शिंगीच म्हणायचे. तांबड्या रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका, दोन वर्षांची झाली तरी त्याच्या मागे मागे फिरायची. त्याची बायको म्हणायची, "सवत परवडली, ती निदान माझी ओढणी तरी खात नाही!"

तबेला बाईसाहेबांचा. त्या एकदा येऊन म्हणाल्या, "मैदानावर तरुण घोड्यांचं प्रदर्शन आहे. वर बसायचं नाही, नुसतं हातात धरून फिरवायचं. पहिल्या तिघांत आली तर हिला ठेवू. नाही आली तर व्यापारी बघून गेलाच आहे."

मोतद्दाराच्या तोंडचं पाणी पळालं. तडक बहिणीकडे आला, शिंगी मागोमाग.

"ताई, बाईसाहेब दिवाणखान्यातला तो पितळी लगाम घालायचा म्हणतायत."

"भिंतीवरचा? अरे, तो मोठ्या घोड्याचा. फुलपाखराच्या डोक्यावर घंगाळं ठेवल्यासारखं दिसेल! आणि तोंडात लोखंड?"

"हो ना. तिचे दुधाचे दात पडतायत. हिरड्या सुजल्यात. कडी घातली की उभीच राहील मागच्या पायांवर."

"मग लोखंड नकोच. मोहरकी करू. तोंडात काही नाही, नुसते पट्टे." दोरीआत्याने शिंगीसमोर उभं राहून, मान इकडे तिकडे करून बघितलं. "नाकाड आईसारखं लांब आहे हिचं. नाकावरची पट्टी जरा रुंद घेते, म्हणजे तोंड आखूड दिसेल. गालावरच्या अगदी बारीक. रंग गडद. पितळ म्हणशील तर एक बक्कल, बास. लोकांनी घोडी बघायची की आपलं दुकान?"

दोरीने माप घेतलं, गाठी मारल्या. पुढचे सहा आठवडे ती त्या मोहरकीवर बसून होती. टाके असे, की मुंगी चालत गेली तर अडखळायची नाही. बाईसाहेबांनीही बघून मान डोलावली, तरी म्हणाल्याच, "पितळी लगाम बरोबर असू द्या हो."

प्रदर्शनाची सकाळ. मैदानाच्या कडेला मोतद्दाराने शिंगीला खरारा करून आरशासारखं चमकवलं. दोरीआत्याने मोहरकी चढवली. नाकावरची पट्टी बसली. पण डोक्यावरची पट्टी कानामागून खाली येईना. ओढली, पुन्हा ओढली. तीन बोटं कमी.

"ताई, माप चुकलं?"

"माझं माप चुकत नाही!" ती फणकारली. आणि मग मटकन खालीच बसली. गल्लीतल्या एकूण एक पोरीचा फ्रॉक शिवताना दोन बोटं दुमड घालणारी बाई ती. सगळ्या आयांना सांगायची, वाढत्या अंगाचं शिवा गं. आणि इथे वाढत्या जनावराला सहा आठवड्यांपूर्वीचं माप! सगळा जन्म थोराड घोड्यांची डोकी मोजली, त्यांचं काय वाढतंय?

मागून बाईसाहेबांचा आवाज आला, "मग तो पितळीच घाला. वेळ नाही."

मोतद्दार शिंगीच्या मानेवर हात ठेवून नुसता उभा राहिला. त्या हाताकडे बघून दोरीआत्या उठली.

"धाकट्या, हिच्या आईची मोहरकी कुठंय?"

"आणलीय की. पेटीत आहे. ती असली की ही शांत राहते, म्हणून..."

ती मोहरकी दोरीआत्याच्या नवऱ्याने शिवलेली. रंग उडालेला, नाकावर चिरलेली. पण डोक्यावरची पट्टी धड होती, आणि लांबलचक. तो नेहमी वीतभर शेपूट जास्त सोडायचा. दोरीआत्या त्याच्या अंगावर ओरडायची, "चामडं काय झाडाला लागतं का?" तो हसून म्हणायचा, "असू दे गं. जनावर आहे, खातं-पितं, वाढतं."

तिने ती पट्टी सोडवली, आपल्या मोहरकीच्या बक्कलात ओवली. पाचव्या भोकात बसली. शिंगीने डोकं झाडलंसुद्धा नाही. त्या पट्टीला आईच्या घामाचा वास असेल, कोण जाणे. वरून आयाळ सोडली, जुनं चामडं झाकून गेलं.

मोतद्दाराने तिला फिरवलं. दोर ढिला, ती त्याच्या खांद्याशी खांदा लावून, घरी निघाल्यासारखी. बाकीची शिंगरं नाचत होती, एकाने तर धन्यालाच आडवं केलं. परीक्षक जवळ आले, दात बघितले, पाय बघितले, कानामागून हात फिरवला आणि थांबले.

"ही पट्टी जुनी वाटते."

"तिच्या आईची आहे साहेब."

"डोकंही आईचंच दिसतंय," परीक्षक म्हणाले आणि हसले.

तिसरी आली. तिसरी म्हणजे तिघांतलीच की! मोतद्दार भर मैदानात मुसमुसून रडला आणि शिंगीने त्याची टोपी खाल्ली.

पुढे शिंगी आणखी वाढली, तशी दोरीआत्या पट्टी सैल करायची. नवऱ्याने पाडून ठेवलेली भोकं होतीच. सहावं, सातवं. तिला एकदाही आरी लावावी लागली नाही. पाच वर्षांची झाली तेव्हा बक्कल आठव्या भोकात बसलं आणि घोडीची वाढ थांबली. आठवं भोक शेवटचं होतं. दोरीआत्याने त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "बरोबर होतं हो ह्यांचं. मीच उगाच भांडायची."