दोन केबीची कादंबरी

आमच्या गल्लीत सगळे ज्यांना रेकॉर्डकाका म्हणतात, त्यांची कादंबरी मी पुसली. काकू काहीही म्हणोत, माझा नवरा ‘तुझी काय चूक गं त्यात’ म्हणून कितीही समजूत घालो, पुसली मीच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी साळसूदपणाचा आव आणतेय असं कुणाला वाटायला नको.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दोन टेबलं, एक सोल्डरिंगचा स्टँड आणि भिंतीला लागून मेलेल्या मशीनची उतरंड. मी बोलायला फटकळ. गिऱ्हाइकं मला वचकून असतात, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडतं. काका तेवढे वचकायचे नाहीत. ते मला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायचे आणि स्वतःच स्टूल ओढून बसायचे.

काकांनी एकतीस वर्षं कोर्टाच्या रेकॉर्डरूममध्ये काढली. तळघरात. वर खटले चालायचे आणि खाली काका फाइली सांभाळायचे. एखादी फाइल सापडेना झाली की साहेबलोक इकडेतिकडे चार माणसं पळवायचे, आरडाओरडा करायचे, आणि शेवटी काकांना बोलवायचे. काका आधी शोधायचेच नाहीत. खुर्चीत बसून विचारायचे, “शेवटी कुणाच्या हातात होती?” एका बाईची घराच्या वादाची फाइल अकरा महिने सापडत नव्हती. ज्या कारकुनाने ती ठेवली तो तोवर मरूनही गेला होता. काकांनी आठवून पाहिलं, त्या कारकुनाचे गुडघे दुखायचे. म्हणजे गडी खालच्या फळीपर्यंत वाकलाच नसणार. मग त्यांनी फक्त हाताच्या उंचीवरचे गठ्ठे उघडून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीआधी फाइल साहेबांच्या टेबलावर ठेवली. ती बाई काकांच्या पाया पडली म्हणे. काका ही गोष्ट सांगताना दर वेळी लाजायचे, आणि दर वेळी सांगायचे.

निवृत्त झाल्यावर बाकीची माणसं फिरायला जातात, नाहीतर सुनेच्या कामात नाक खुपसतात. काकांनी कॉम्प्युटर घेतला आणि कादंबरी लिहायला बसले. तीही कसली, तर सायबर थ्रिलर! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फिस्सकन हसले. म्हटलं, “काका, तुम्हाला माऊस धरता येत नाही अजून. तुम्ही हॅकर लिहिणार?”

“तू आहेस ना,” काका म्हणाले. “मी हरवलेलं लिहितो. कॉम्प्युटरचं तू सांग.”

गोष्ट अशी होती. तीनशे वर्षांपूर्वी एका बाईने एक ग्रंथ लिहिला. त्याची हस्तलिखित प्रत अलीकडे जळाली, पण जळण्याआधी कुणीतरी तिच्या पानांचे फोटो काढून ठेवले होते. ते फोटो चोरीला गेले आणि चोराने त्यांचे सात तुकडे करून सात ठिकाणच्या कॉम्प्युटरांत लपवले. आता रेकॉर्डरूममधली एक साधी कारकूनबाई, जिला कुणी हिंग लावून विचारत नाही, ती एकेक तुकडा शोधत निघते. मागे मारेकरी. काकांच्या गोष्टीत मारेकरी फार होते. आयुष्यभर तळघरात बसलेल्या माणसाला हौस असणारच.

दर गुरुवारी आमचा बाजार बंद असतो. मी दुकान अर्धं उघडं ठेवून साठलेली कामं उरकते. नऊ वर्षं काका गुरुवारी दुपारी यायचे, आठवड्यात लिहिलेलं वहीत उतरवून आणायचे आणि मला वाचून दाखवायचे. वाचून झालं की ती पानं फाडून, बारीक तुकडे करून माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. मी एकदा ओरडले, “अहो, ठेवा की ती!” तर म्हणाले, “कागदाचा मला भरवसा नाही बाई. कागद ओल खाते, वाळवी खाते, उंदीर खातो, आणि उरलेला वकील खातात. खरी प्रत मशीनमध्ये आहे.” आणि त्या मशीनला त्यांनी इंटरनेट लावू दिलं नाही. का, तर कुणी चोरेल. नऊ वर्षं चोऱ्यांच्याच गोष्टी लिहिल्यावर माणूस दुसरं काय करणार?

गेल्या वर्षी त्यांच्या डोक्यात छोटी गुठळी झाली. हातपाय धड राहिले, पण आठवणीला भोकं पडली. धाकट्या भावाचं नाव आठवायचं, लग्नाचं वर्ष नाही. त्यानंतर मात्र ते घाईला आले. दोन प्रकरणं उरली होती. “डॉक्टरीणबाई, डोकं आहे तोवर हे उरकायचं,” म्हणायचे. “मग गेलो तरी हरकत नाही. तळघरातल्या माणसाचं काहीतरी वर राहील.”

काकू कादंबरीला ‘सवत’ म्हणायच्या. “सवतीपाशी बसलेत,” असं फोनवर सांगायच्या. पण त्या दोन प्रकरणांच्या काळात त्यांनी घरातला टीव्हीसुद्धा बंद ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

आता मूळ पाप सांगते.

चार वर्षांपूर्वी काकांचं मशीन फार रखडायला लागलं, म्हणून मी जुनी डिस्क काढून नवी, वेगवान डिस्क बसवली. त्याच वेळी, फाइल शोधताना त्यांचा गोंधळ उडू नये म्हणून, पडद्यावर एक चित्र करून दिलं. त्यावर टिचकी मारली की कादंबरी उघडायची. ते चित्र म्हणजे कादंबरी नव्हे, ती नुसती दारावरची पाटी. शॉर्टकट म्हणतात त्याला. दुकानातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. काकांना कसं कळणार? आणि मी त्यांना एक पेनड्राइव्ह दिला, दोरीत ओवून गळ्यात घालायला, आणि सांगितलं, “रोज लिहून झालं की हे उचलून यात टाकायचं. विसरायचं नाही.”

बोलताना माझं बोट त्या चित्रावर होतं.

काका विसरले नाहीत. चार वर्षं, एकही दिवस न चुकता, त्यांनी ते चित्र उचलून पेनड्राइव्हमध्ये टाकलं. मशीन विचारायचं, आधीचं बदलू का? काका हो म्हणायचे. माणूस रेकॉर्डरूमचा. टाकलं म्हणजे पोचलं असं मानणारा नव्हे. ते रोज पेनड्राइव्हमधून उघडूनही बघायचे, आणि कादंबरी उघडायची! उघडणारच. पाटीवरचा पत्ता त्याच मशीनमधल्या फाइलचा होता.

उन्हाळा संपता संपता मशीन बंद पडायला लागलं. काका रिक्षाने घेऊन आले. म्हटलं, सगळं पुसून नव्याने भरावं लागेल. मशीन पुसण्याआधी मी गिऱ्हाइकाला तीनदा विचारते, बॅकअप घेतलाय का. हा माझ्या दुकानाचा कायदा आहे. काकांनाही तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी गळ्यातला पेनड्राइव्ह वर करून दाखवला, शाळेतलं पोर पाटी दाखवतं तसा. दुसऱ्या कुणाचा असता तर लावून पाहिला असता. पण यांच्यावर संशय कोण घेणार? ज्यांनी एकतीस वर्षांत एक कागद हरवला नाही, त्यांना मी तपासायचं? लाज वाटली मला. त्या लाजेपायी नाही पाहिला.

पुसलं. नवं भरलं. काका स्टुलावर बसून चहा पीत होते. पेनड्राइव्ह लावला, चित्रावर टिचकी मारली. मशीन म्हणालं, ही फाइल सापडत नाही. आकार बघितला. दोन केबी. सहाशे पानं दोन केबीत मावत नाहीत हो!

“उघडली का?” काकांनी विचारलं.

“थांबा जरा,” मी म्हणाले. दहा मिनिटं मी उगाच खटपट केली. मग सांगितलं. सगळं सांगितलं, पाटीचंसुद्धा.

त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते विचार करत म्हणाले, “पण तूच सांगितलं होतंस ना, कॉम्प्युटरात पुसलेलं जात नाही? नोंद तेवढी जाते, माल जागेवरच असतो? माझी सगळी कादंबरी त्यावर उभी आहे.”

सांगितलं होतं. नऊ वर्षांपूर्वी सांगितलं होतं, आणि तेव्हाच्या डिस्कबद्दल ते खरंही होतं. या नव्या डिस्कला पुसलं की ती मोकळी झालेली जागा स्वतःच धुऊन टाकते. आणि ती डिस्क बसवली कुणी? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आठ दिवस मी दुसरं काम हातात घेतलं नाही. होती नव्हती ती सगळी सॉफ्टवेअरं चालवली. शून्यं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती शून्यं. मग दुसऱ्या शहरातल्या मोठ्या लॅबला डिस्क पाठवली. त्यांनी दोन ओळींचं उत्तर धाडलं आणि डिस्क परत केली. मी जुनी काढलेली डिस्कही शोधली, पण ती मीच दोन वर्षांपूर्वी भंगारात दिली होती. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय!

एक दिवस काकू दुकानात आल्या. मी उठून उभी राहिले. म्हटलं, आता बाई माझी खरडपट्टी काढणार, आणि काढावीच. त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “नऊ वर्षं मी तिच्या नावाने बोटं मोडली गं. आता हा माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतो. जेव म्हटलं की जेवतो, नीज म्हटलं की निजतो. काहीतरी कर. शिव्या घालायला तरी मला ती आणून दे.” आणि रडायला लागल्या. मीही रडले. दुकान उघडं, रस्त्यावरची माणसं बघतायत, बघेनात का!

पावसाळा सरल्यावर काका एका गुरुवारी आले. चार महिन्यांनी. अंगात जुनाच सदरा, पण आत माणूस निम्मा झालेला. हातात कोरी वही. माझा जीव असा हरखला म्हणून सांगू! स्टूल पुसलं, चहा सांगितला.

“पुन्हा लिहायला घेतलंय,” म्हणाले. “पहिलं प्रकरण चारदा लिहिलं. चारही वेगळी होतात. जुनं धड आठवत नाही, आणि अर्धवट आठवतं म्हणून नवं सुचत नाही. सुरुवात आहे माझ्याकडे. शेवटही आहे. मधलं सगळं त्या गुठळीने नेलं.” मग ते थोडे हसले. “रात्रंदिवस डोकं खाजवत होतो, आणि काल उमगलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! अगं, तू सगळं ऐकलंयस की. पहिल्या ओळीपासून. तू सांगत जा, मी लिहितो. शब्द नकोत मला. नुसतं काय झालं ते सांग.”

त्यांनी पेनचं टोपण काढलं.

हो, नऊ वर्षं त्यांनी वाचलं. मी मान खाली घालून सोल्डरिंग करत होते. ‘हं’ म्हणत होते, ‘मग?’ म्हणत होते, आवाज चढला की ‘बाप रे’ म्हणत होते. कॉम्प्युटरचं काही चुकलं तर तेवढंच कानाला खटकायचं आणि मी दुरुस्त करायचे. बाकी पालथ्या घड्यावर पाणी. माझ्या मनात गिऱ्हाइकाचा बोर्ड असायचा, मुलीची परीक्षा असायची, संध्याकाळची भाजी असायची.

“तिसरा तुकडा,” काका म्हणाले. “तिथून सुरू करू. दवाखान्याच्या जुन्या मशीनमध्ये होता. ती आत कशी शिरते? मोठी युक्ती होती ती. मला तीन आठवडे लागले होते सुचायला. तू हातातलं काम ठेवून ‘वा काका!’ म्हणाली होतीस. एवढं लख्ख आठवतं बघ.”

‘वा काका’ म्हटलेलं मलाही आठवत होतं. कशाला म्हटलं ते आठवत नव्हतं. देवाशपथ सांगते, मी डोकं पिंजून काढलं. मग मी खोटं बोलले.

“तिथल्या नर्सने तिला पासवर्ड दिला,” म्हटलं.

काकांनी वहीत लिहिलं, ‘नर्स’. मग पेन थांबलं.

“माझ्या गोष्टीत नर्स नव्हती गं,” ते म्हणाले.

“असेल, काका. तुम्ही विसरला असाल.” हेसुद्धा मी बोलले! एवढं झाल्यावर वर त्यांच्याच आठवणीवर ढकललं. जीभ झडायला हवी होती माझी.

काकांनी वर पाहिलं. एकतीस वर्षं ज्यांच्यापुढे थापा मारणारे कारकून उभे राहिले, त्या माणसाने माझ्याकडे एकदाच पाहिलं.

“तू ऐकत होतीस का?” त्यांनी विचारलं. रागाने नाही. खुर्चीत बसून फाइलीबद्दल विचारायचे ना, तसंच विचारलं.

“नाही काका,” म्हटलं.

त्यांनी मान हलवली. टोपण लावलं, ते दोनदा निसटलं, मग बसलं. “मग ती कुणाकडेच नाही,” ते म्हणाले, आणि भिंतीला हात लावून उठले. चहा तेवढ्यात आला होता.

“बसा ना काका. चहा तरी घ्या.”

“आता कशाला, बाळ?” काका म्हणाले.