उजव्या बाजूची गिटार

शैलजाबाई पुजारी यांची आणि माझी पहिली ओळख भिंतीतून झाली. आमच्या शाळेत संस्कृत शिकवायला त्या नुकत्याच आल्या होत्या आणि आमच्या शेजारचीच जागा त्यांनी भाड्यानं घेतली होती. एका संध्याकाळी भिंतीपलीकडून असा धडधडाट सुरू झाला की आमची गणपतीची तसबीर तिरकी झाली. आमची ही म्हणाली, "अहो, बगा की जाऊन, बाईंच्या घरात कायतर बिगडलंय!" गेलो. बाई शांतपणे भाकरी थापत होत्या आणि टेपवर चार परदेशी पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती.

"थ्रॅश मेटल म्हणतात सर याला," बाई म्हणाल्या. "बसा की. भाकरी खाणार?"

बाई मैंदर्गीच्या, देवळातल्या पूजेचा मान असलेल्या घरातल्या. जहाजावर नोकरीला असलेल्या मामेभावानं ही कॅसेट त्यांना कॉलेजात असताना आणून दिली, ती आजतागायत सुटलेली नाही. मी पडलो शाळेचा संगीत शिक्षक, पेटीवाला. डोक्यात तिडीकच गेली. याला संगीत म्हणायचं? बाईंनी वाद घातला नाही. "हातावर ताल धरा," एवढंच म्हणाल्या. धरला, आणि लगेच सुटला! सुरुवातीला नुसती तार छेडतात, अगदी गरीब बापडी. मग एकदम तुटून पडतात, मधेच लय बदलतात, आणि त्या धुमाळीत चौघं एकाच क्षणी गप्प होतात. कुणी केसभर पुढं नाही की मागं नाही. कबूल करायला जड गेलं, पण ही तयारी रियाजाशिवाय येत नाही. बाईंचं म्हणणं साधं होतं. "राग सगळ्यांनाच येतो सर. या पोरांनी तो तालात बसवलाय."

शाळेत बाईंचा आवाज कधी चढला नाही. त्यांच्या वाटचं ओरडून घ्यायला घरी चौघं होते ना! दहावीतली एक मुलगी वडील गेल्यावर बोलेनाशी झाली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी तिला उपदेशाचे डोस पाजले. बाईंनी तिला घरी नेलं, कानाला हेडफोन लावून दिले आणि आपण स्वयंपाकाला लागल्या. पोरगी त्या गोंगाटात हमसून हमसून रडली, मग पोटभर जेवली.

मागच्या वर्षी बाईंच्या उजव्या कानाचा पडदा गेला. या कॅसेटमध्ये एक गिटार डावीकडं वाजते, एक उजवीकडं. "अर्धं ऐकण्यापेक्षा नको," म्हणून बाईंनी टेपच बंद केला. भिंत गप्प झाली. इतकी वर्षं कुरकुर करणारा मी, पण मला करमेना. ती सरळ टांगलेली तसबीर बघवेना.

ऑपरेशन झालं. पट्टी काढायला बाईंबरोबर आम्ही दोघंही गेलो, पिशवीत बाईंचा टेप घेऊन. पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी बाईंचा डावा कान बंद केला आणि समोरून हळूच शब्द उच्चारले. बाईंनी सगळे बिनचूक सांगितले. आम्ही खूश! पण बाईंचा चेहरा उतरलेला. "डॉक्टर, मी ऐकलं का तुमचे ओठ वाचले, मलाच कळंना झालंय. पोरी ओठातल्या ओठात पाठांतर करतात, ते बघण्यात जन्म गेला हो."

कॅसेटला कुठले आले ओठ? मी पिशवीतून टेप आणि हेडफोन काढले. डॉक्टरांनी आवाज बारीक ठेवायला बजावलं. दुसऱ्या गाण्यात एक जागा अशी आहे, की सगळे थांबतात आणि उजवीकडची गिटार एकटी वाजते. डावीकडं तेव्हा चिटपाखरू नसतं. बाईंनी डोळे मिटले. डाव्या हाताचं बोट गुडघ्यावर ठेका धरू लागलं. मग ती जागा आली आणि बोट थांबलं. माझा जीव टांगणीला! आणि बाईंचा उजवा हात हळूच वर आला.

"सर, आली! आली उजवीकडची!" आणि लगेच, "वाढवा की जरा आवाज!"

"अजिबात नाही," डॉक्टर म्हणाले. मी मात्र तिथंच खुर्चीत बसून लाज सोडून रडलो. हुश्श!

बाई आता साठीच्या झाल्या. त्यांनी शंभरी गाठावी, ठणठणीत राहावं आणि दोन्ही कानांनी ऐकावं. डॉक्टरांनी मुभा दिली आणि परवा आमची तसबीर पुन्हा तिरकी झाली. ही म्हणाली, "सरळ करा की ती."

म्हटलं, "राहू दे गं. बरी दिसते."