हुग्गी आधी, औषध मागनं

सावित्रम्मांची गाठ मी सोलापूरच्या उन्हात वितळवली. म्हणजे खरी गाठ नव्हे. ती वितळवता आली असती तर एव्हाना भवानी पेठेत माझा पुतळा उभा राहिला असता. झालं असं, की डॉक्टरांनी त्या गाठीतून कणभर तुकडा काढला होता आणि तो मेणाच्या एका इवल्याशा वडीत बसवून दिला होता. ती वडी दुसऱ्या, मोठ्या तपासणी केंद्रात पोचवायची, मग तिथले लोक सांगणार की कुठलं औषध लागू पडेल. पोचवायचं काम शेजारी म्हणून मी छाती काढून अंगावर घेतलं.

मे महिना, दुपारचे बारा. वडी पिशवीत घालून स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि वाटेत रसवंतीवर थांबलो. एक ग्लास उसाचा रस प्यायला किती वेळ लागतो? सोलापुरात पाऊण तास लागतो, कारण कुणीतरी ओळखीचं भेटतंच आणि नळाला पाणी कधी आलं होतं हा विषय निघतोच. तो विषय संपवून बाहेर आलो, सहज डिकी उघडून बघितलं, तर पिशवीत वडी नाही. नुसतं पातळ मेण, आणि त्यात काहीतरी तरंगतंय. माझं डोकं फिरलं. मी तिथूनच, भर रसवंतीत, ओरडलो, "बर्फ द्या हो, बर्फ! सावित्रम्मांची गाठ वितळली!"

उसाचा चरक थांबला. चरक फिरवणारा थांबला. पाणीप्रश्नावर बोलणारे नागरिकसुद्धा थांबले.

तपासणी केंद्रातल्या बाई मात्र शांत होत्या. म्हणाल्या, "तुकडा शाबूत आहे, नव्या मेणात बसवू. चार दिवस जास्त लागतील. पण काका, ही बर्फात बुडवून का आणलीत?" मी बर्फाचं पाणी ओतायला मोरी कुठंय ते विचारलं.

चार दिवसांचं एवढं काही नाही. खरं नुकसान रसवंतीवरच होऊन गेलं होतं. सावित्रम्मांचा आजार चार वर्षांनी परत उलटलाय हे तोवर तिघांनाच ठाऊक होतं: त्या स्वतः, त्यांचे यजमान गुरुसिद्धप्पा आणि मी. गुरुसिद्धप्पा चादरीच्या दुकानात पस्तीस वर्षं घड्या घालून निवृत्त झालेले. त्यांच्या तोंडून दिवसाकाठी तीन शब्द निघाले तर घरात पाहुणे आलेत असं समजायचं. तेव्हा बातमी कुणी फोडली याची चौकशी करायची गरजच पडली नाही.

ही बातमी त्यांनी लपवली होती ती लाजेनं नव्हे, तर धंद्यापायी. सावित्रम्मा कडक भाकऱ्या करतात. ज्वारीची, कागदासारखी पातळ, हातावर थापून तव्यावर टाकलेली आणि मग मंद आचेवर पार कडकडीत वाळवलेली भाकरी. महिनाभर टिकते. लग्नाच्या रुखवतात जाते, मेसला जाते, अमेरिकेला निघालेल्या पोरांच्या बॅगेत तर कपड्यांच्या आधी जाते. सावित्रम्मा सकाळी सहाला तव्यापुढं बसतात. भाकरी उलटायला उलथनं वापरत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "देवानं दहा उलथनी दिल्यात की. अकरावं कशाला?"

पहिल्या वेळी स्तनाचा कॅन्सर निघाला तेव्हा त्यांनी काहीही लपवलं नव्हतं. ऑपरेशन, केमो, केस गेले, सगळं उघड्यावर. आणि काय झालं? कुणी वाईट बोललं नाही. आपल्याकडे कुणी कुणाला टाकत नाही; टाकणं जुन्या काळचं झालं. आता फक्त "आराम करा" म्हणतात. एकेक जण आला, हळहळला आणि "सावित्रम्मा, तुम्ही आता आराम करा हं" असं म्हणून आपली ऑर्डर काढून घेऊन गेला. कॅन्सर भाकरीतून पसरत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि भाकरी चावणं वेगळं. वर्षभर तवा थंड होता. केमोनं त्यांच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या, ते त्यांनी सोसलं. रिकामा तवा सोसवला नाही.

आजार गेला म्हणाले तेव्हा त्यांनी नवस फेडला, गल्लीला हुग्गी घातली. हुग्गी म्हणजे कांडून कोंडा काढलेल्या गव्हाची, गुळातली घट्ट खीर; वर दूध आणि चमच्यानं न मोजलेलं तूप. लोक जेवले, आणि गंमत बघा, पुढच्याच आठवड्यात ऑर्डरी परत सुरू झाल्या. सावित्रम्मांनी तेव्हाच ही गंमत मनात नोंदवून ठेवली असणार. मला ती कळायला चार वर्षं लागली.

तर रसवंतीनंतर दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. सुंदरम्मा पहिल्या आल्या. या समोरच राहतात आणि मोबाईलवर आलेला प्रत्येक उपचार शेजाऱ्यांवर करून बघतात. त्या हिरवा, कडू रस भरलेली बाटली घेऊन आल्या.

"रोज पहाटे एक वाटी. इंजेक्शन नको, काही नको. कराडच्या एका बाईची गाठ महिन्यात गेली."

"कोण बाई?" सावित्रम्मांनी विचारलं.

"नाव नव्हतं दिलं. पण फोटो होता."

"फोटूतली बाई रस पितिया का गाठ दाखवतिया?"

सुंदरम्मा रागावल्या, पण बाटली ठेवूनच गेल्या. गुरुसिद्धप्पांनी तो रस दारातल्या तुळशीला घातला. तुळस दोन दिवसांत मान टाकून बसली.

मग वीरभद्रप्पा आले. सुताचे जुने व्यापारी, पेठेतलं मोठं माणूस, कपाळावर विभूतीच्या तीन ठसठशीत रेघा. खुर्चीत बसले, सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "काय सावित्रम्मा हे. मग ते हुग्गीचं जेवण फुकटच गेलं म्हणायचं की."

"तुमच्या पोटात गेलं, अण्णा. फुकट कसं?"

"तसं नव्हं. आजार गेला म्हणून घातलं होतं, आन् आजार तर हायच."

"मग काय, परत मागता येतंय का ते?"

वीरभद्रप्पा हसले नाहीत. उठता उठता म्हणाले, "नातीच्या लग्नाच्या भाकऱ्यांचं मनावर घेऊ नका. आम्ही बघतो दुसरीकडं. तुमी आराम करा."

त्या आठवड्यात "आराम करा" म्हणणाऱ्यांनी तवा पुन्हा थंड केला. मेसवाला, लग्नवाले, दुकानवाले, सगळे आरामाचे पुरस्कर्ते निघाले. आणि नेमक्या त्याच आठवड्यात तपासणीचा निकाल आला, तेव्हा डॉक्टरांनी सगळं सरळ सांगितलं. यावेळी आजार मुळातून जाईल असं म्हणता येत नाही. औषध तीन आठवड्यांनी एकदा. ते आजार दाबून ठेवील, वर्षं मिळतील. बोटांना बधिरपणा आला तर लगेच सांगा, मात्रा बदलू.

सावित्रम्मांनी एवढंच विचारलं, "भाकरी थापता यील?"

"येईल की. थकवा येईल, पण काम करा, चांगलंच आहे."

घरी आल्यावर त्यांनी औषधाचा कागद फळीवरच्या डब्याखाली सरकवला आणि म्हणाल्या, "न्हाय घ्यायचं."

गुरुसिद्धप्पांनी त्या दिवसाचे तीनही शब्द एकदम खर्च केले: "का? घे की."

"कशाला घिऊ? भाकरी कुणी घेणार न्हाय. मग घरात पडून नुसतं औषध पित बसू? मी काय लोणचं हाय, बरणीत टिकवून ठिवायला?"

मी समजावलं. मी तर बोलायलाच बसलो होतो, कारण ही आग मीच लावली होती. जिद्द, धीर, आशा, जे जे सुचलं ते ते बोललो. सावित्रम्मा ऐकत होत्या. निदान मला तसं वाटलं. खरं तर त्या मनात हिशेब करत होत्या की हुग्गीला गहू किती लागेल. माझं भाषण संपल्यावर म्हणाल्या, "तम्मा," तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, त्या मला तसंच म्हणतात, "रविवारी गल्लीला सांगून ये. जेवायला या म्हणावं. हुग्गी हाय."

"पण नवस तर आजार गेल्यावर फेडतात."

"मागल्या टायमाला तसंच केलं की. काय झालं? औंदा आधी घालते. लोकं आली, जेवली, तर औषध घेईन. न्हाय आली तर औषध नको, हुग्गी आमी दोघंच खातो."

हा प्रकार आमच्या लिंगायत समाजात कुणी पूर्वी ऐकला नसावा. नवस आगाऊ फेडणं म्हणजे देवाला ॲडव्हान्स देणं. पण बातमी पोचवायला माझ्याइतका लायक माणूस पेठेत नव्हताच.

रविवारी दाराशी मांडव पडला. सगळे आले. कारण नको म्हणायला बसायचं तर घरी बसून म्हणावं लागतं, आणि घरी बसलं की तुपाचा वास येतो. पहिल्या पंगतीत, मानाच्या जागी वीरभद्रप्पा. सावित्रम्मा स्वतः वाढायला उठल्या. वाढपी घेतले नाहीत, वाढायचा डावही घेतला नाही. कडक भाकरी हातानं मोडून प्रत्येकाच्या ताटात ठेवली, हुग्गी हातानं वाढली आणि प्रत्येकापुढं क्षणभर थांबल्या. कुणाचाच हात ताटाकडं जाईना.

पहिला घास सुंदरम्मांनी घेतला. उपचारांबाबत त्यांचं जे काही असेल ते असो. त्या मुळात खादाड आहेत, हे त्या दिवशी आम्हा सर्वांच्या उपयोगी पडलं. मग सगळे जेवू लागले. वीरभद्रप्पा "साकु, साकु" म्हणत, म्हणजे पुरे पुरे म्हणत, ताटावर हात आडवा धरत होते; पण बोटं अशी फाकवलेली की हुग्गी आरामात खाली जावी. तीन वेळा गेली.

आता खरी अडचण पुढं होती. आमच्यात पानात टाकत नाहीत. अन्न म्हणजे प्रसाद. जेवण झालं की ताटात पाणी घालायचं, बोटानं ताट धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. हल्लीची पोरं टाळतात, म्हणून दर पंगतीत वीरभद्रप्पा त्यांना यावर व्याख्यान देतात. आता सगळी पोरं त्यांच्याकडं बघत होती. सावित्रम्मा तांब्या घेऊन समोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या ताटात पाणी घातलं.

वीरभद्रप्पांनी बोट फिरवलं. ताट उचललं. प्यायले.

मिशा अजून ओल्या होत्या तेवढ्यात सावित्रम्मांनी विचारलं, "अण्णा, नातीच्या लग्नाच्या भाकऱ्या कधी हव्यात?"

जिनं वाढलेलं ताट आत्ता धुऊन प्यायलंय, तिला "तुम्ही आराम करा" कसं म्हणता येईल? वीरभद्रप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "ठरल्याप्रमाणंच की," म्हणाले. मग हळू आवाजात, फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले (मी जवळच होतो, आणि माझे कान कसे आहेत ते तुम्हांला कळलंच आहे): "माझी आई ह्याच आजारानं गेली. आमी तिचं ताट वेगळं ठिवलं होतं, सावित्रम्मा. शेवटपर्यंत."

सावित्रम्मा तांब्या पुढच्या ताटाकडं नेता नेता म्हणाल्या, "ते हितं न्हाय धुवून निघणार, अण्णा. ताट धुतलंत, तेवढं लई झालं."

आणि पुढं सरकल्या. मेसवाल्याच्या ताटात पाणी, मग विचारणा. दुकानवाल्याच्या ताटात पाणी, मग विचारणा. पंगत उठेपर्यंत दोन आठवड्यांचं काम ठरलं होतं आणि एकाही माणसाला आपण फसवले गेलो आहोत असं वाटत नव्हतं. पोट भरलेलं असलं की माणसाला तसं वाटत नाही.

मंगळवारी सकाळी पहिल्या औषधासाठी निघालो. रिक्षात सावित्रम्मा मध्ये, एका बाजूला गुरुसिद्धप्पा, दुसऱ्या बाजूला मी. नव्या साडीची घडी अजून मोडली नव्हती. हात मांडीवर होते आणि त्या बोटं एकेक करून अंगठ्याला लावून बघत होत्या, जाणवतंय का, जाणवतंय का. मला ते बघवेना. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून मी म्हणालो, "अम्मा, काळजी करू नका. यावेळी तुम्ही पूर्ण बऱ्या होणार, बघा."

त्यांनी माझ्याकडं मान वळवली.

"बरी न्हाय होत मी, ठावं हाय मला, तू गप बस आन् शनिवारच्या आत ज्वारी दळून आण."