दुसरा वडा

यादीत पाच ठिकाणं भरायची होती. समीक्षाने चार भरली होती.

ती ठाण्याच्या एका वेबसाइटसाठी लिहायची. कुठे काय चांगलं खायला मिळतं, एवढाच विषय. मराठी घेऊन एम.ए. झाल्यावर हे काम मिळालं होतं आणि घरी बसून करता येत होतं. या वेळी विचारलं होतं, शहापूर-मुरबाडकडे सगळ्यात चांगले जुन्या पद्धतीचे वडे कुठे मिळतात. बटाटावडे नव्हेत. तांदूळ, चणाडाळ, उडीद, धणे, मेथी दळायचं, पीठ भिजवून आंबवायचं, पळसाच्या पानावर थापायचं, मध्ये बोटाने भोक पाडायचं आणि तळायचं, ते वडे. प्रत्येक ठिकाणासमोर चार रकाने होते. पत्ता, वेळ, दर, फोन.

महामार्गावरची तीन हॉटेलं झाली. आटगाव स्टेशनबाहेरची एक खानावळ झाली. चारही ठिकाणी तिने वडे खाल्ले आणि मालकाला विचारलं, तुमच्याहून चांगले कोण करतं? तिघांनी एकच नाव घेतलं. चौथा म्हणाला, कोणी नाही. मग तिला दारापर्यंत सोडायला आला आणि तेच नाव सांगून गेला.

सापगावजवळची सकुबाई.

समीक्षा सकुबाईच्या शेजारी राहत होती. जन्मापासून.

सकुबाई साठीची. नवरा काळूराम, दोन एकर भात, एक म्हैस. अठराव्या वर्षी मुरबाडजवळच्या म्हसा गावाहून लग्न होऊन आली तेव्हा बापाने तिथल्या जत्रेतून लोखंडी कढई घेऊन दिली होती. ती कढई डोक्यावर घेऊन ती सासरी आली आणि पुढची दहा वर्षं सासूने तिला तिच्याच कढईपाशी बसू दिलं नाही. कळकाची काठी धरून उभं राहायचं. तळलेला वडा भोकातून काठीत ओवायचा, तेल निथळलं की टोपलीत सोडायचा. एवढंच काम. सासू गेली आणि कढई परत मिळाली. त्यानंतर आसपासच्या गावांत लग्न ठरलं की मांडवाच्या आधी सकुबाईकडे नारळ-सुपारी पोहोचायची.

ती वडे विकत नव्हती. ओटी आणि लुगडं घ्यायची, आणि एक मान.

पहिला वडा देवाचा. तोवर कोणी काही चाखायचं नाही. दुसरा वडा करणारणीचा. तो तिने चुलीपाशी उभं राहून, सगळ्यांसमोर खायचा आणि म्हणायचं, "होऊ द्या." मग पंगत बसायची. नवरदेवाचा बाप असो की गावचा सरपंच, त्या दोन शब्दांआधी कोणाच्या पानात काही पडत नसे.

"आत्या, तुझं नाव घालते यादीत," समीक्षा म्हणाली. "पत्ता काय लिहू?"

"जिथं लगीन तिथं."

"वेळ?"

"पीठ आंबेल तेवा."

"फोन तरी?"

"तो काळूरामकडं असतो. काळूराम म्हशीकडं असतो." सकुबाई तांदूळ पाखडत होती. "असं कर, उद्या चल माझ्यासंगती. परवा मुरबाडकडं हळद हाय. बाईजाच्या पोराची. बघ आणि लिव काय लिवायचं ते."

बाईजा म्हणजे सकुबाईची माहेरची मैत्रीण. समीक्षा गेली.

मार्गशीर्ष होता. सकाळी हात पाण्यात घालवत नव्हता. सकुबाईचे ओठ थंडीने फुटले होते, खालच्या ओठाला मधोमध चीर पडली होती. सारखी खोबरेल लावत होती. पीठ आदल्या संध्याकाळी भिजवलं होतं. तीनशे माणसांचं. दोन मोठ्या परातींत पिठाचे डोंगर, डोंगरात खड्डा, खड्ड्यात कांद्याची फोड आणि तिच्यावर निखारा. वर तेलाचा थेंब टाकून झाकलेलं. पीठ मळताना सकुबाईने मीठ स्वतः टाकलं नव्हतं. ती कुठल्याच घरी टाकत नसे. लग्नघरात मीठ घरच्या बाईच्या हातचं. सकुबाईने नुसतं सांगितलं, "दोन दोन मुठी," आणि बाईजाची थोरली सून अंजूने दोन्ही परातींत दोन दोन मुठी टाकल्या. हे समीक्षाने पाहिलं होतं.

आता सकुबाईने झाकण काढलं. चिमूटभर पीठ तांब्यातल्या पाण्यात सोडलं. गोळी तळाला गेली, जरा वर आली, मध्येच थांबली.

सकुबाई तांब्याकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "समीक्षा, वास घे गो जरा."

समीक्षा वाकली. "छान येतोय. म्हणजे, ओल्या मातीला जसा..."

"कवितेतला नको. ताकासारखा का चिंचेसारखा?"

"ताकासारखा."

"आंबट ताक का ताजं?"

"ताजं." समीक्षाने मान वर केली. "तूच घे ना वास."

सकुबाईने अंजू कुठे आहे ते पाहिलं. अंजू विहिरीवर होती.

"मना येत नाय वास. त्या मोठ्या आजाराच्या वर्षी ताप आला होता ना, तेवा गेला. चवपण गेली. वास नाय, चव नाय. शहापूरचा डॉक्टर बोलला, येईल. चार वर्षं झाली."

या चार वर्षांत समीक्षाने सकुबाईच्या हातचं किती वेळा खाल्लं होतं. तिच्या सख्ख्या भावाच्या लग्नात वडे सकुबाईचेच होते.

"मग दुसरा वडा?"

"खाते."

"आणि?"

"आणि बोलते, होऊ द्या." सकुबाईने परात पुन्हा झाकली. "हाताला कळतं गो. पीठ बोटाला किती चिकटतं, पाण्यात कसं तरंगतं, तेलात आवाज कसा करतं. त्याच्यावर चाललं. थंडीत पाणी फसवतं, म्हणून तुला विचारलं. कोणाला बोलू नको. कळलं तर उद्यापासून कोण बोलवील? मंग मी नुसती म्हशीवाली."

"काळूकाकांना माहीत आहे?"

"कोणालाच नाय."

पिठाला आणखी दोन तास दिले. अकराला समीक्षाने परत वास घेतला आणि सांगितलं, आंबट ताक. सकुबाईने मान हलवली. चूल पेटली.

बाराला मांडव भरला. बँजोवाले एकच गाणं तिसऱ्यांदा वाजवत होते. पुरुष मंडळी पानं मांडून बसायच्या तयारीत होती. वालाची भाजी उतरली होती. सकुबाईने पळसाच्या पानावर पहिला वडा थापला, बोट घातलं, तेलात सोडला. टम्म फुगला. बाईजा तो देवापुढे ठेवून आली.

दुसरा वडा निघाला. सकुबाई उठून उभी राहिली. बायका गप्प झाल्या. ही गप्प होण्याचीपण सवयच होती. तिने तुकडा तोडला, फुंकला, तोंडात घातला आणि चावायला लागली.

मग तिचा हात ओठाकडे गेला.

समीक्षा दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिने पाहिलं, सकुबाईने फुटलेल्या ओठाला बोट लावलं, बोटाकडे पाहिलं, ओठ आत घेतला. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ती चावायची थांबली होती. चुलीचा धूर तिच्या बाजूला नव्हता.

"बोल की गो," बाईजा म्हणाली. "पावणं ताटकळलं."

सकुबाईने घास गिळला. आता तेवढंच बाकी होतं. दोन शब्द. आजवर बोलली तसे. काही बिघडलं असेल तर नंतर लोक पिठाला नावं ठेवतील, गिरणीला ठेवतील, थंडीला ठेवतील. तिला कोण विचारणार होतं?

तिने हातातला उरलेला वडा मोडला आणि अर्धा समीक्षापुढे धरला.

"तू खा. आणि सांग."

"अगो, दुसरा वडा कोणाला देतात का?" मागून कोणी तरी म्हणालं.

समीक्षाने खाल्ला. मीठ जिभेला झोंबलं. इतकं की दुसरा घास घेववेना. तिने सकुबाईकडे पाहिलं. कोणाला बोलू नको, असं सकाळीच सांगणारी बाई आता सगळ्या मांडवासमोर तिच्या उत्तराची वाट बघत होती.

"खारट आहे," समीक्षा म्हणाली. "फार खारट."

"खारट कसं होईल?" अंजू पुढे आली. "मावशी बोलल्या तसं टाकलं मी. दोन दोन मुठी."

बाईजाचा चेहरा उतरला. "तू टाकलंस?"

"मंग कोण टाकणार?"

"मी टाकलं ना! गिरणीतून पीठ आलं तेवाच. घरची बाई मी का तू?"

सात महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेल्या अंजूला वाटलं होतं, घरची बाई म्हणजे आता आपणही. बाईजाला वाटलं होतं, अजून आपणच. मीठ दोघींनी टाकलं होतं. त्यांचं जे काही व्हायचं होतं ते नंतर होणार होतं.

"पण सकू, तू खाल्लास," बाईजा म्हणाली. "तुला नाय कळलं?"

"नाय कळलं. ओठ चुरचुरला म्हणून पोरीला विचारलं. मना चवच नाय कळत, बाईजा. चार वर्षं नाय कळत."

बँजो थांबला होता. नेमका तेव्हाच.

"ऐका," एक म्हातारबुवा पानावरून ओरडले, "आमच्या बँजोवाल्याला ऐकू येत नाय आणि वडेवालीला चव येत नाय. आता नवरदेवाचं डोळं तपासा."

मांडव हसला. सकुबाई हसली नाही. पदर खोचून तिने विचारलं, "कोरडं पीठ किती हाय?"

लागेल त्याच्या निम्मं पीठ दुसऱ्या दिवसासाठी वेगळं ठेवलेलं होतं, त्यात बाईजाने मीठ टाकलं नव्हतं. बाकीचं घरातलं तांदळाचं घेतलं. हे बिनमिठाचं सगळं परातींतल्या खारट पिठात ओतलं, कोमट पाणी आणलं. सकुबाई, बाईजा, अंजू, समीक्षा, एका परातीला चार चार हात लागले. नवं पीठ आंबायला वेळ नव्हता. सकुबाईने पराती चुलीच्या उबेला सरकवल्या आणि तास मोजत बसली. पाहुण्यांना तोवर चहा फिरला, मग पुन्हा फिरला. नवरीकडची चार माणसं न जेवता निघून गेली. कोणी म्हणालं, चव नाय तर मान कशाला घेते. कोणी म्हणालं, आमच्या लग्नात काय खाल्लं असेल देव जाणे. हे सगळं चुलीपर्यंत ऐकू येत होतं.

साडेतीनला पंगत बसली. वडे फुगले, पण नेहमीसारखे नव्हते. जरा दडस. समीक्षाने प्रत्येक परातीतला एक चाखला आणि सांगितलं, ठीक आहे. सकुबाई "होऊ द्या" म्हणाली नाही. बाईजानेच वाढा म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर सकुबाईने कढई राखेने घासली आणि माळ्यावर टाकली. काळूरामला सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मग त्याने सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढून तिच्यापुढे ठेवली. पुडीत मीठ होतं.

"हे काय?"

"कदी लागतं, कदी नाय लागत. जेवताना ठेवतो."

"कदीपासून?"

"त्या तापापासून."

"आणि जास्त पडलं तर?"

"पाणी पितो."

सकुबाईने पुडी परत बांधली. "चार वर्षं गप ऱ्हायलास, मेल्या," ती म्हणाली.

"तू पण," काळूराम म्हणाला आणि म्हशीकडे गेला.

सकुबाईने हे समीक्षाला सांगितलं ते हसत हसत. पण कढई माळ्यावरच राहिली. आधीच पोहोचलेल्या सुपाऱ्यांपैकी दोन परत मागवल्या गेल्या. एका घराने केटरर ठरवला. दुसऱ्या घराने कारण सांगितलं नाही. समीक्षाने वेबसाइटला कळवलं, चारच ठिकाणं आहेत. उत्तर आलं, पाच लागतील. तिने पाचवं ठिकाण रिकामंच ठेवलं.

पौषात म्हशाची जत्रा भरली. सकुबाई दर वर्षी जायची. या वर्षी नको म्हणत होती. समीक्षाने ओढून नेलं. बैलांच्या बाजारातून, घोंगड्यांच्या रांगांतून दोघी जात होत्या तेव्हा लोखंडी सामानाच्या पालापाशी बाईजा भेटली. सोबत एक अनोळखी बाई होती, डोक्यावर नवी पाटी.

सकुबाई वळून दुसरीकडे जायला निघाली. बाईजाने हाताला धरलं.

"ही गो ती," ती सोबतच्या बाईला म्हणाली. "हिच्या पोरीचं माघात लगीन हाय, सकू. मी बोलले, सकूला घे."

"मना चव नाय कळत," सकुबाई म्हणाली. "आधीच सांगते."

"ते सांगितलंय मी तिला. तीनशे माणसं पानावर बसली होती आणि हिने चूल थांबवली. गप बसली असती तर कोणाला कळत होतं? आमीच भांडलो असतो, सासू-सुना. तसं भांडलोच." बाईजा हसली. "खोटं नाय बोलणार ही."

"चार वर्षं बोलले की."

"ती गेली असं धर."

अनोळखी बाई इतका वेळ सकुबाईच्या हातांकडे बघत होती. तिने विचारलं, "आणि चाखायला कोण? ती पोरगी हीच का?"

"हीच," सकुबाई म्हणाली. "पण अर्धा वडा माझा. तो मी खाणार."

"चव नाय तर कशाला?"

"मान हाय माझा."

बाईने मान डोलावली. पुढच्या सोमवारी नारळ-सुपारी पाठवते म्हणाली.

संध्याकाळी घरी आल्यावर सकुबाईने समीक्षाला माळ्यावर चढवून कढई खाली काढायला लावली. समीक्षाने मग लॅपटॉप उघडला आणि पाचवं ठिकाण भरलं. पत्ता: माघात, मुरबाडजवळ, लग्नघरी. वेळ: पीठ आंबेल तेव्हा. दर: आमंत्रण. फोनच्या रकान्यात तिने काळूरामचा नंबर घातला, आणि पुढे कंसात लिहिलं, म्हैस धारेला असेल तर उचलणार नाही.